नागपूरहून मे महिन्यात मालवण-तारकर्लीला जाताना बॅगेत काय काय घ्यावं?

तुमचा बेत मी समजले तो असा: मे महिन्यात नागपूरहून रेल्वेने कुडाळ, तिथून मालवण-तारकर्ली, मुक्काम पाच दिवस. तुम्ही दोघं, सात वर्षांची लेक आणि इन्सुलिन घेणाऱ्या सासूबाई. शेवटी तुम्ही असंही लिहिलंय की नागपूरचे ४५ अंश सोसणाऱ्यांना तिथल्या ३३-३४ अंशांचं काय मोठंसं! उत्तर तिथूनच सुरू करते, कारण माझं माहेर मालवण आणि सासर नागपूर. दोन्हीकडचा मे महिना मला पुरता ठाऊक आहे, आणि बॅग भरताना सगळ्यात आधी समजून घ्यायचा फरक हाच आहे.

नागपुरात मेच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते. आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास. घाम येतो तसा उडतो आणि उडता उडता अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून तर आपला कूलर चालतो, माठातलं पाणी गार होतं, ओला दुपट्टा डोक्यावर टाकला की बरं वाटतं. मालवणला पारा दहा अंशांनी खाली असतो, पण आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर. घाम उडतच नाही, अंगावरून निथळत राहतो. रात्रीही पारा २६-२७च्या खाली फारसा जात नाही आणि पहाटे वारा पडला की गदमदून जातं. कूलर तिथे कुणाकडे दिसणार नाही, कारण दमट हवेत त्याचा उपयोगच नाही. तेव्हा बॅग उन्हाच्या हिशेबाने भरू नका, घामाच्या आणि ओल्या कपड्यांच्या हिशेबाने भरा. तिथे माणूस कडक उन्हापेक्षा सततच्या चिकचिकीने जास्त वैतागतो.

कपड्यांपासून घ्या. जीन्स एकही नको, प्रवासातसुद्धा नको. एकदा भिजली की पुढचे दोन दिवस ती दोरीवरच राहते आणि तिला कुबट वास धरतो. जाडजूड टर्किश टॉवेलचंही तेच. त्याऐवजी माणशी दोन पंचे घ्या. पंचा अंग पुसायला, डोक्यावर घ्यायला, वाळूत अंथरायला, लेकीला गुंडाळायला चालतो आणि वाऱ्यावर तासाभरात वाळतो. माझी आई किनाऱ्यावर जाताना खांद्यावर पंचा टाकल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

जमिनीवर वावरायला सैल सुती: मलमल, खादी, पातळ लिनन. लेगिंग आणि अंगाला चिकटणारे टी-शर्ट घरीच ठेवा. सासूबाईंच्या साड्या सुती घ्या, पण खळ न केलेल्या. खळीच्या कापडातून वारा नीट जात नाही आणि दमट हवेत खळ मऊ पडून अंगाला चिकटते. पाण्याजवळ जायचं असेल त्या दिवशी मात्र उलट करा. होडीत चढताना कधीकधी गुडघाभर पाण्यातून जावं लागतं आणि भिजलेली सुती साडी पायांना गुंडाळून जड होते. त्या दिवसासाठी एक पातळ सिंथेटिक साडी, किंवा त्या घालत असतील तर सलवार-कमीज. पोहण्याच्या कपड्यांनाही हाच नियम: नायलॉन-पॉलिएस्टरचे, सुती नकोत. लेकीला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घ्या. पाण्यात खेळताना खांदे आणि मान कधी भाजली हे मुलांना कळत नाही, रात्री रडारड होते तेव्हा कळतं.

वरचे कपडे तुम्हाला वाटतात त्याच्या निम्मे न्या, आतले कपडे मात्र दुप्पट. दिवसातून दोनदा, कधी तीनदा बदलावेसे वाटतील. मांड्यांना मांड्या घासून सोलवटणं हा तिथला अगदी नेहमीचा त्रास आहे आणि लाजेने कुणी त्याबद्दल बोलत नाही. साडी किंवा फ्रॉकखाली गुडघ्यापर्यंतची पातळ सायकलिंग शॉर्ट आणि बाहेर पडण्याआधी व्हॅसलिनचं बोट, एवढं केलं की बहुतेक वेळा निभावतं. घामोळ्यांची पावडर हवीच, सासूबाईंसाठी आणि लेकीसाठी विशेष करून.

आता कुणी सहसा न सांगणाऱ्या दोन वस्तू: सात-आठ मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटला की कठड्यावर टाकलेले कपडे शेजारच्या माडाच्या बागेत सापडतात. आणि समुद्रातून आल्यावर कपडे गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय वाळत घालू नका. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला जसं पाणी सुटतं, तसंच कापडात राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. कापड दिवसभर उन्हात असलं तरी हाताला दमटच लागतं. एक बादली पुरते, भसाभस नळ सोडायची गरज नाही. मे महिन्यात आमच्याकडच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात, किनाऱ्यालगतच्या काहींचं पाणी मचूळ होतं. मोठी माणसं, लेकरं मिळून तुम्ही चौघंच आहात, पण त्या दिवसांत गाव पाहुण्यांनी भरलेलं असतं. पाणी जपून वापरा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

पायांत काय? कोल्हापुरी आणि चामड्याचं काहीही नको, खारं पाणी लागलं की चामडं कडक होऊन तडकतं. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल सगळ्यांना. नुसत्या स्लीपर ओल्या वाळूत रुततात आणि होडीतून उतरताना निसटतात. सासूबाईंची सँडल जेट्टीच्या शेवाळलेल्या पायरीवर घट्ट बसेल अशी हवी, ती नागपुरातच घालून बघा.

सिंधुदुर्ग किल्ला बघणार असालच. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला मालवणच्या जेट्टीवरून होडीने थोड्याच अंतरावर आहे, पण आत गेल्यावर चालणं बरंच होतं आणि सावली तुटपुंजी. शिवराजेश्वराच्या देवळात जाताना चपला काढाव्या लागतात आणि भर दुपारी तिथला दगड तापलेला असतो. पर्समध्ये दोन जोड सुती मोजे ठेवा, सासूबाईंना आणि लेकीला. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका जाणवतोच असं नाही, फोड आल्यावर लक्षात येतं. शक्यतो सकाळी पहिल्या होड्यांनी जा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी लेकीला दाखवा. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी, याचं मुलांना फार अप्रूप वाटतं.

डोक्याला मोठ्या काठाची टोपी आणि हनुवटीखाली बांधायला नाडी. नागपूरसारखा तोंडाभोवती घट्ट गुंडाळलेला दुपट्टा तिथे गुदमरवतो. तिकडे गरम लू नसते, सावली आणि वारा या दोनच गोष्टी हव्या असतात. साधी छत्री सगळ्यात उत्तम. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५०, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. ३० आणि ५० मध्ये फरक फार थोडा आहे, वारंवार न लावण्याने होणारं नुकसान खूप मोठं. पाणी आणि वाळू ऊन परतवतात, तेव्हा छत्रीखाली असलात तरी लावा.

सासूबाईंच्या इन्सुलिनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ही एकच वस्तू अशी आहे की चुकली तर सहल तिथेच संपेल. वापरात असलेलं पेन किंवा बाटली साधारण ३० अंशांच्या खाली ठेवायची असते, न उघडलेली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत. तुमचा प्रवास विदर्भ-खानदेशाच्या मे महिन्यातून आहे, शिवाय लांबचा. आपल्याकडे बरेच जण इन्सुलिन ओल्या कापडात गुंडाळून किंवा माठाशेजारी ठेवतात आणि कोरड्या हवेत ते चालूनही जातं. पनवेल ओलांडून गाडी कोकणात शिरली की ती युक्ती निकामी होते, कारण पाणी उडतच नाही. पाण्याने भिजवायच्या ज्या थंड पिशव्या मिळतात त्यांचंही तेच, दमट हवेत त्यांचा जोर कमी पडतो. छोटा थर्मास घ्या, त्यात गोठवलेला जेल पॅक पंचाच्या घडीत गुंडाळून ठेवा आणि त्याच्या बाजूला इन्सुलिन, बर्फाला थेट न टेकवता. गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं. मुक्कामाच्या ठिकाणी फ्रीज आहे का हे आधीच फोन करून विचारा आणि तिथेही बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नका. सगळा साठा एकाच बॅगेत नको. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये असू द्या. बाकी साध्या गोळ्या, साबण, टोपी, चपला मालवणच्या बाजारात मिळतात, त्यांचं ओझं वाहू नका.

ओआरएसची चार-सहा पाकिटं मात्र घ्या. लिटरचं पाकीट असेल तर लिटरभर पाण्यात अख्खं घालायचं, ग्लासात चिमूटभर टाकून उपयोग नाही. सासूबाईंसाठी ओआरएस चालेल का, किती चालेल, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, त्यात साखर असते.

लेकीसाठी हवा भरायची ट्यूब किंवा बदक नेऊ नका. तलावात ठीक आहे. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो आणि असलं हलकं खेळणं मुलासकट बघता बघता आत जातं. होडीत लाईफ जॅकेट मिळतं, पण सात वर्षांच्या मुलीच्या मापाचं असेलच असं नाही. जवळ चांगलं असेल तर तेच न्या. देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे पाण्यात उतरायचंच नाही. दिसायला शांत असतं, खाली ओढ भयंकर असते.

कॅलेंडरच्या त्या महिन्याच्या पानाचा फोटोही सोबत ठेवा, तिथी बघण्यासाठी. आमच्याकडचा जुना ढोबळ हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण वाळूत किती वाजता जावं हे ठरवायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी कमी हलतं. स्कुबा किंवा स्नॉर्केलिंग करायचं असेल तर ते दिवस बरे. चष्मा असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मास्कखाली चष्मा बसत नाही.

कॅमेरा नेत असाल तर एसीच्या खोलीतून काढून थेट बाहेर नेऊ नका, गार काचेवर बाहेरची वाफ धरते आणि सूर्योदयाचा सगळा वेळ भिंग पुसण्यात जातो. अर्धा तास आधी बंद बॅगेतच बाहेर ठेवा. बॅगेच्या झिपला मेणबत्ती घासून न्या, खाऱ्या हवेने धातूच्या झिप अडकतात. पॉवर बँक हवी, मेमध्ये वीज जाते. थोडी रोख रक्कमही हवी, किनाऱ्यावर सगळीकडे रेंज असतेच असं नाही.

खाऊ नेताना चिवडा-शेवेचं मोठं पुडकं नको, उघडल्यावर संध्याकाळपर्यंत सादळतं. एका बसणीत संपतील अशा छोट्या, घट्ट बंद पिशव्या करा.

आणि येताना बॅगेत निदान पाव भाग जागा हवी. आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), मालवणी खाजं, काजू हे सगळं याल तेव्हा घेणारच. आगळाची बाटली दोन पिशव्यांत बांधून उभी ठेवा, डाग जात नाही. हापूस घेतलात तर कडक, आढीतला, पेंढ्यासकट खोक्यात घ्या. तयार आंबा नागपूरपर्यंतच्या प्रवासात टिकत नाही. सुके बांगडे किंवा सोडे (सुकवलेली कोळंबी) घेणार असाल तर कागद, मग प्लास्टिक, मग घट्ट झाकणाचा डबा, नाहीतर रेल्वेचा अख्खा डबा तुमच्याकडे बघेल.

आता तारखांचं. तुम्ही नुसतं मे म्हटलंय. किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ पावसाळ्यासाठी मेच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात, ते ऑगस्ट संपेपर्यंत. तिकीट २० मेच्या पुढचं असेल तर किल्ला आणि स्कुबा पहिल्या दोन दिवसांतच उरका, वळवाच्या सरींसाठी छत्रीबरोबर सगळ्यांचे पातळ रेनकोट टाका आणि निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी फोन करून होड्या चालू आहेत का ते विचारा.