वाचकांचे प्रश्न : जुन्या पिकअपचा चेपलेला टप

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावर आहेत : जुन्या पिकअप ट्रकच्या केबिनचा टप चेपला आहे, तो ठोकून काढायचा की बदलायचा. त्यातले पाच प्रश्न निवडले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : १९५० च्या दशकातला पिकअप आहे. टपावर कधीतरी जड सामान ठेवले गेले असावे. मधोमध परातीएवढा खोलगट भाग झाला आहे आणि त्याच्या एका कडेला धनुष्यासारखी धारदार घडी पडली आहे. आतून जॅक लावून वर रेटला तर निघेल का?

उत्तर : नुसता जॅक रेटला तर खोलगट भाग वर येईल, पण घडी तशीच राहील आणि तिच्या शेजारी नवा फुगवटा तयार होईल. आधी पोच्याची रचना समजून घ्या. त्या परातीएवढ्या भागातला बहुतेक पत्रा बिघडलेलाच नाही. तो फक्त दबून अडकला आहे, आणि त्याला अडकवून ठेवले आहे कडेच्या घडीने. पत्रा कायमचा वाकला आहे तो त्या घडीपुरताच. म्हणून हातोडी घडीवर चालवायची, खोलगट भागावर नाही. मार बसला त्याच्या उलट्या क्रमाने काम करा : शेवटी पडलेली घडी आधी सोडवायची, आणि पोच्याचे खोल टोक सर्वांत शेवटी.

सुरुवातीला केबिन मोकळी करा. सीट, छताचे अस्तर, आतला दिवा आणि त्याची वायर काढा. पुढची काचही काढून ठेवा. टप हलला की काचेच्या चौकटीवर ताण येतो, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसल्या तर त्या पुन्हा निघत नाहीत. वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत वापरायची असेल तर इंधनाच्या टाकीकडे आधी बघा. या काळातल्या अनेक पिकअपमध्ये टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे असते. शेव्हरोलेटमध्ये ती १९७२ पर्यंत तिथेच होती. टाकी रिकामी केली म्हणजे भागत नाही, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. टाकी गाडीबाहेर, कामाच्या जागेपासून लांब ठेवा.

आता साचा. टप डावीकडे-उजवीकडे सारखा असतो. चांगल्या बाजूवर जाड पुठ्ठा उभा धरून त्याची गोलाई कापून घ्या, पुढून, मधून आणि मागून असे तीन साचे करा. तेच उलटे करून चेपलेल्या बाजूवर धरले की कुठे किती कमी आहे ते दिसते. डोळ्यावर विसंबू नका. टपाची गोलाई इतकी पसरट असते की तीन-चार मिलिमीटरची चूक रंग चढेपर्यंत लक्षात येत नाही.

जॅकचे काम फक्त हलका ताण देण्याचे. केबिनच्या जमिनीवर आडवी फळी टाका, म्हणजे जॅकचा भार एका जागी येणार नाही. वरच्या टोकाला साधारण २०० मिलिमीटर लांबी-रुंदीचा लाकडी ठोकळा ठेवा. तो टपाच्या गोलाईप्रमाणे घासून त्यावर जाड रबर लावलेले हवे. टप दोन-तीन मिलिमीटर उचलेल एवढाच दाब द्या. त्या ताणाखाली बाहेरून घडीच्या उंच कंगोऱ्यावर सपाट चमच्याने (पत्रा ठोकायच्या चपट्या स्टीलच्या पट्टीने) किंवा रुंद तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्या. आतून डॉली, म्हणजे हातात मावणारा जड लोखंडी ठोकळा, घडीच्या खोल ओळीखाली धरा, ठोका मात्र शेजारच्या कंगोऱ्यावर पडू द्या. कंगोऱ्याच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे या. कंगोरा बसत जाईल तसा पोचा आपोआप वर येतो. मग जॅक आणखी थोडा चढवा.

डॉली बरोबर ठोक्याखाली आली की पत्रा हातोडी आणि डॉलीमध्ये चिरडून पातळ होतो, म्हणजेच पसरतो. पसरट टपावर हे फार महागात पडते. असा थेट ठोका अगदी शेवटी, घडीची उरलेली रेघ सपाट करण्यापुरताच ठेवा. या पिकअपचा पत्रा आजच्या गाड्यांपेक्षा जाड असतो, साधारण ०.९ ते १.२ मिलिमीटर. त्यामुळे तो उशिरा हलतो आणि माणूस जोर वाढवतो. जोर वाढवू नका, ठोके वाढवा.

शेवटी रंग उतरवून उघड्या पत्र्यावर बॉडीची कानस हलकेच फिरवा. चमकले ते उंच, काळे राहिले ते खोल. कानस इथे तपासण्यासाठी आहे. उंचवटे कापून सपाट करायला लागलात तर पत्राच संपेल.

प्रश्न : पोचा बऱ्यापैकी निघाला, पण आता टप तळहाताने दाबला की ‘टक्’ करून खाली जातो आणि सोडला की वर येतो. पत्रा पसरला आहे असे सांगून डेंटरने गरम करून आकसायला सुचवले आहे. करावे का?

उत्तर : लगेच नको. टक्-टक् करण्याची कारणे दोन आणि त्यांचे उपाय परस्परविरोधी. एक, पत्रा खरेच पसरला आहे, बहुधा डॉलीवरच्या थेट ठोक्यांनी. दोन, पत्रा पसरलेला नाही, पण शेजारी एखादी घडी पूर्ण उलगडायची राहिली आहे किंवा वेल्डिंगचा सांधा थंड होताना आकसला आहे. दुसऱ्या प्रकारात आखडलेला भाग बाजूच्या चांगल्या पत्र्याला जागाच देत नाही, म्हणून तो उड्या मारतो. अशा जागी गरम करून आकसले की आखडलेपण आणखी वाढते.

ओळखायचे कसे? टप उडतो त्या भागाभोवती एक हातभर अंतरात बोटे फिरवा, सुती कापडातून फिरवली तर जास्त कळते. घडीची रेघ किंवा वेल्डिंगचा सांधा सापडला तर आधी त्यावर काम करा. सांध्याखाली डॉली धरून सांध्यावरच ठोके द्या, म्हणजे तो लांबीला पसरेल. हा थेट ठोक्याचा योग्य उपयोग. दहा-पंधरा ठोक्यांनंतर दाबून पाहा. उडी कमी झाली असेल तर निदान बरोबर आहे.

तसे काही सापडले नाही आणि फुगवटा साच्याच्या वर येत असेल, तरच आकसा. गॅसची लहान नळी घ्या, ज्योत मध्यम ठेवा. फुगवट्याच्या सर्वांत उंच बिंदूवर फक्त १० मिलिमीटरचा ठिपका मंद लाल करा. तापलेला ठिपका फुलतो, भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी जाड होतो आणि थंड होताना आकसतो. लाली असतानाच दोन-तीन हलके ठोके, लाली गेल्यावर ओले फडके. मग पत्रा पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच पुढचा ठिपका कुठे हवा ते ठरवा. गरम पत्रा खोटे बोलतो. घाईघाईत ओळीने पाच-सहा ठिपके देऊन मोकळे झाले की टप खोल जातो आणि पुन्हा ठोकून पसरवत बसावे लागते.

ज्यांचा गॅसवर हात बसलेला नाही त्यांना आकसण्याची गुळगुळीत स्टीलची तबकडी जास्त सोयीची. ती ग्राइंडरवर लावतात, घर्षणाने फक्त उंच ठिकाणे तापतात. पत्रा निळा पडायच्या आत थांबा, ओले फडके फिरवा, पुसा, पुन्हा तपासा. वेळ जास्त लागतो, चूक मात्र लहान होते.

प्रश्न : १९७० च्या शेव्हरोलेटला टपाखाली आणखी एक पत्रा आहे. हात आत जातच नाही. बाहेरून खेचता येईल?

उत्तर : येईल, पण घडी असेल तर पूर्ण समाधान मिळणार नाही. बाहेरून खेचण्याच्या पद्धतीत तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन-अडीच मिलिमीटरच्या पिना पत्र्यावर वेल्ड करून चिकटवतात आणि सरकत्या हातोड्याने ओढतात. त्यासाठी जागा चकचकीत होईपर्यंत रंग काढावा लागतो. पिना घडीच्या खोल ओळीवर २० ते २५ मिलिमीटर अंतराने लावा. एक पिन जोरात ओढण्यापेक्षा चार-पाच पिनांना एक पट्टी अडकवून सगळ्या एकदम हलक्या ताणात धरा आणि त्याच वेळी कंगोरे ठोका. एकेक पिन झटक्याने ओढली तर पोच्याच्या जागी टोकेरी फोडांची रांग येते.

खोल पोच्यासाठी आतल्या पत्र्यातून वाट काढणे बरे. दिव्याच्या भोकातून वाकडी सळई पोचते का ते आधी बघा. नसेल तर आतल्या पत्र्यात खिडकी कापा, कोपरे गोल ठेवा आणि कापलेला तुकडा जपून ठेवा. तोच परत जोडायचा. मधल्या आडव्या पट्ट्या आणि बाहेरचा पत्रा यांच्यात जुना सुकलेला मसाला असतो. तो पत्रा थरथरू नये म्हणून घातलेला असतो. काम झाल्यावर तिथे नवा मऊ मसाला भरा, पण टपाला टेकेल एवढाच. ठासून भरलात तर बाहेरून उंचवटा दिसतो. बंद करण्यापूर्वी पोकळीत गंजरोधक मेण फवारा. पुन्हा तिथे पोचायला मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या टपाला तीन-चार घड्या आहेत आणि टपाच्या कडेच्या, पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीत गंजाने भोके पडली आहेत. दुसऱ्या केबिनचा टप मिळतो आहे. कुठे कापावा? कोणत्याही सालचा चालेल?

उत्तर : गंजलेली पन्हळ आणि अनेक घड्या एकत्र असतील तर बदलणेच योग्य. पण टप हातात येण्याआधी त्याचे साल तपासा. शेव्हरोलेटच्या १९४७ नंतरच्या गोलसर केबिनला १९५३ पर्यंत पुढे दोन तुकड्यांची काच होती, १९५४ मध्ये अखंड वळणदार काच आली. फोर्ड एफ-१०० चे १९५३ ते १९५५ चे टप एकमेकांच्या जवळचे, पण १९५६ मध्ये पुढची काच बाजूंना वळली आणि पुढचे खांबही बदलले. मागच्या काचेचा आकारही बघा, एकाच सालात लहान आणि मोठी अशा दोन काचा मिळत. बाहेरून टप सारखा दिसतो, काचेची चौकट जुळत नाही आणि हे वेल्डिंग झाल्यावर कळते.

नुसता वरचा पत्रा बिघडला असेल, खांब आणि चौकट सरळ असतील, तर खांब कापूच नका. पन्हळीच्या कडेने असलेले स्पॉट वेल्ड (दोन पत्रे जोडणारे कारखान्यातले गोल ठिपके) आठ मिलिमीटरच्या कटरने वरच्या थरापुरतेच सोडवा आणि पत्रा उचला. गाडी उलटली असेल आणि खांबच वाकले असतील तर खांब कापायला लागतील. दरवाजाच्या चौकटीचे आणि काचेच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. त्यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी चौकट सरळ करायची, टप नंतर.

कापण्यापूर्वी केबिन चासीला नेहमीच्या बोल्टांनी घट्ट बसवलेली हवी, दरवाजे लावलेले हवेत, आणि आतून चौकोनी पाइपाचे आडवे-तिरके आधार वेल्ड केलेले हवेत. टप निघाला की केबिन उघड्या खोक्यासारखी सैल होते. आधार न देता कापली तर दरवाजे पुन्हा कधी नीट लागत नाहीत. दाता टप कापताना हवा त्यापेक्षा ५० मिलिमीटर जास्त घ्या, जागेवर बसवूनच शेवटची रेषा आखा. खांबाचा आतला आणि बाहेरचा पत्रा एकाच पातळीवर कापू नका, ४० ते ५० मिलिमीटर पुढेमागे ठेवा आणि आत पट्टीची बाही घाला.

सांधा टपाच्या मधल्या सपाट भागातून कधीही नेऊ नका. वेल्डिंगने तो आकसतो आणि आधीच्या प्रश्नातली टक्-टक् सुरू होते. सांधा खांबात किंवा कडेच्या तीव्र वळणात घ्या, तिथे पत्रा स्वतःच ताठ असतो. मिग वेल्डिंगला (यात तार यंत्रातून आपोआप पुढे येत राहते) ०.६ मिलिमीटरची तार वापरा. दोन कडांमध्ये तारेएवढीच फट ठेवा. टाके द्या, सलग रेघ ओढू नका. पहिले टाके १०० ते १५० मिलिमीटर अंतरावर, मग त्यांच्या मध्ये, हाताला गार लागल्याशिवाय शेजारचा टाका नाही. सगळे टाके देऊन झाल्यावर दरवाजे उघडून-लावून पाहा, काचेचे रबर चौकटीत बसवून पाहा. आता चूक सापडली तर टाका तोडता येतो, पूर्ण वेल्डिंगनंतर कापण्याशिवाय मार्ग उरत नाही. स्पॉट वेल्डच्या जागी वरच्या पत्र्यात आठ मिलिमीटरची भोके पाडून ती वेल्डिंगने भरा. जोडणाऱ्या कडांवर आधी जस्ताचा वेल्डिंगचा प्रायमर मारलेला असावा.

प्रश्न : उरलेला खोलगट भाग लांबीने (पत्र्यावर लावायच्या पुट्टीने) भरला तर काय बिघडते? किती जाडीपर्यंत चालते?

उत्तर : तीन मिलिमीटरपर्यंत. घासून झाल्यावर जी उरते ती जाडी धरा, लावतानाची नव्हे. टप उन्हात सगळ्यात जास्त तापतो आणि दरवाजाच्या प्रत्येक धडाक्याने थरथरतो, त्यामुळे जाड थर कडेने सुटतो किंवा केसासारखी भेग पडते. भेगेतून पाणी जाते आणि खाली गंज धरतो. लांबीखाली एपॉक्सी प्रायमर असावा. लांबी घट्ट करणारा हार्डनर तिच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर पुढे रंगावर पिवळट डाग उमटतात. ८० नंबरच्या पेपरने लांब पट्टीवर घासा, मग १८० नंबर.

आणखी एक काळजी : त्या काळच्या कारखान्यांत खांबांचे सांधे शिशाने भरत. रंग काढताना राखाडी, मऊ, नखाने ओरखडा जाणारा धातू दिसला तर तो शिसे आहे. त्यावर ग्राइंडर लावू नका, त्याची धूळ विषारी असते. जुन्या रंगातही शिसे असू शकते, म्हणून त्याला कोरडे घासण्याऐवजी रंगकाढू रसायन किंवा ओला पेपर बरा, आणि बारीक धूळ अडवणारा मास्क हवाच. शिसे काढायचेच असेल तर मंद आचेवर मऊ करून पुसून घ्या. ते शिसे आणि कथिलाचे मिश्रण असते आणि सुमारे १८३ अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागते, त्यामुळे ज्योत सतत हलती ठेवा. तो सांधा चांगला असेल तर त्याला हात न लावता त्यावर सरळ एपॉक्सी मारा. पन्हळीचा मसाला मात्र एपॉक्सीनंतर आणि रंगाआधी भरा, आणि दोन्ही टोकांना पाणी बाहेर पडायची वाट उघडी आहे ना ते बादलीभर पाणी ओतून बघा.