रोज तासभर चालूनही एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ६.१च आहे. इंटरव्हल व्यायामाने फरक पडेल का?

तुमचं वय ४४, डॉक्टरांनी प्रीडायबेटिस (मधुमेहाच्या आधीची पायरी) सांगितलाय आणि वर्षभर चालूनही आकडा हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. फरक पडू शकतो. मी नाशिकचीच, वय ५१. दोन वर्षांपूर्वी माझा आकडा ६.२ होता. (५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस.)

मीसुद्धा रोज गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालायचे, शेजारच्या काकूंशी बोलत बोलत. डॉक्टर मॅडमनी एवढंच विचारलं, "चालताना आरामात गप्पा होतात ना?" होत होत्या. "मग अधूनमधून तीन मिनिटं तरी गप्पा थांबतील अशा चाला."

त्यांनी सांगितलेली ही इंटरव्हल पद्धत जपानमधली, शिन्शू विद्यापीठातल्या संशोधकांची. तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश, असं पाच वेळा. अर्ध्या तासात संपतं. आठवड्यातून चार दिवस तरी करायचं. भरभर म्हणजे धावणं नाही. दोन-चार शब्द बोलता यावेत, पण लांब वाक्य बोलताना धाप लागावी. पुढे डेन्मार्कमध्ये टाइप टू मधुमेह असलेल्यांवर चार महिने असाच प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एक गट एका लयीत चालला, दुसरा भरभर-सावकाश. दोघांची मेहनत एकूण सारखीच. दिवसभराची साखर सुधारली ती दुसऱ्या गटाची. गट लहान होते आणि ती माणसं मधुमेहाची होती, हे लक्षात ठेवा. तरी मला त्यातून हुरूप आला.

असं का होतं, तर स्नायू काम करत असताना इन्सुलिनवर फारसं अवलंबून न राहता रक्तातली साखर आत ओढतात. जोर लावला की जास्त स्नायू कामाला लागतात, त्यांच्यातला साखरेचा साठा उपसला जातो, आणि तो भरून काढायला ते पुढचा दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ साखर घेत राहतात. हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणून सलग दोन दिवस खाडा करू नका.

जोराच्या व्यायामानंतर लगेच ग्लुकोमीटर लावलात तर कधी साखर वाढलेली दिसेल. मी पहिल्यांदा घाबरले होते. ॲड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडतं, थोड्या वेळाने ती उतरते.

सुरुवात सपाट ट्रॅकवरच करा. पांडवलेणीच्या पायऱ्या मी दोन महिन्यांनी धरल्या, आणि उतरताना गुडघे सांभाळावे लागतातच. बीपी असेल, छातीत दुखत असेल, घरात हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मी ईसीजी काढूनच सुरू केलं.

चार महिन्यांनी माझा आकडा ५.८ आला. पण त्याच काळात मी रात्रीचा भात निम्म्यावर आणला, साडेसातला जेवू लागले आणि चार किलो उतरले. सगळं श्रेय चालण्याला देणं खोटं ठरेल. २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातही आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी करणं, दोन्ही मिळूनच मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला होता.

एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं. त्यामुळे महिन्याभरात तपासून खचू नका, तीन महिने पूर्ण झाले की करा. तोवर आठवड्यातून एकदा जेवणानंतर दोन तासांनी साखर बघून वहीत टिपत जा.