वाचकांचे प्रश्न : शनीची कडी, शुक्राची उष्णता आणि पंचांगातला हर्षल

ग्रहांविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. पहिल्या तीन प्रश्नांना थोडी अधिक जागा दिली आहे, कारण त्यांच्या मागे असलेली शंका अनेकांच्या मनात असते.

प्रश्न : नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या गावी आकाशदर्शनाचा कार्यक्रम झाला. शनीची कडी पाहायची म्हणून नातवाला घेऊन तासभर रांगेत उभा राहिलो, पण दुर्बिणीत एक पिवळसर ठिपका आणि त्याच्या आरपार गेलेली बारीक रेघ एवढेच दिसले. दुर्बीण सदोष होती का? (सातारा)

उत्तर : दुर्बीण अगदी ठीक होती. आपण पाहिलेली ती बारीक रेघ म्हणजेच शनीची कडी. जेवणाचे ताट डोळ्यांच्या पातळीवर आडवे धरून पाहा. त्याची फक्त कड दिसते. तेच ताट जरासे कलते केले की त्याचा लंबगोल पृष्ठभाग दिसू लागतो. शनीचा अक्ष सुमारे २७ अंशांनी कललेला आहे आणि सूर्याभोवती फिरताना तो अवकाशात एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळे शनीच्या सुमारे साडेएकोणतीस वर्षांच्या एका प्रदक्षिणेत कडी दोनदा आपल्याला पूर्ण उघडलेली दिसतात आणि दोनदा त्यांची केवळ कड आपल्यासमोर येते. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली. तेव्हा शनी सूर्याच्या फार जवळ असल्यामुळे तो पाहणे कठीण होते. नंतर नोव्हेंबरमध्ये कडी पुन्हा जवळजवळ आडवी दिसली आणि नेमकी तीच वेळ आपल्या वाट्याला आली.

कड आडवी आली की कडी दिसेनाशी होतात, याचे कारण त्यांचा विलक्षण पातळपणा. मुख्य कड्यांचा व्यास सुमारे २ लाख ८० हजार किलोमीटर आहे, तर जाडी बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आसपास. याच प्रमाणात एक दशांश मिलिमीटर जाडीचा कागद कापायचा झाला, तर तो पावणेतीन किलोमीटर रुंद कापावा लागेल. आणि हा कागदही अखंड नाही. वाळूच्या कणापासून घराएवढ्या आकारापर्यंतचे बर्फाचे असंख्य तुकडे आपापल्या कक्षेत फिरत असतात आणि दुरून ते सलग दिसतात. असे कडे अखंड आणि घन असूच शकत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८५९ मध्ये, कोणतेही यान तिथे जाण्याच्या शतकभर आधी, गणिताने दाखवून दिले होते.

निराश झालेल्या माणसांत आपण एकटे नाही. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटलेले पाहिले आणि १६१२ मध्ये पुन्हा पाहिले तेव्हा तिथे काहीच नव्हते. शनीने आपली मुले गिळली की काय, असे त्याने एका पत्रात लिहिले. ती कडी होती, हा उलगडा डच खगोलशास्त्रज्ञ ह्यूजेन्सने १६५९ मध्ये केला. आता कडी वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास ती पूर्ण ऐटीत दिसतील. नातवाला तेव्हा पुन्हा अवश्य न्या. त्याने दोन्ही रूपे पाहिली, तर शनीचा अक्ष कललेला आहे हे त्याला कोणी शिकवावे लागणार नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. शनैश्चर या नावाचा अर्थच ‘सावकाश चालणारा’ असा आहे. बारा राशी ओलांडायला त्याला सुमारे तीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत तो अडीच वर्षे असतो. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची अशा तीन राशींची मिळून साडेसात वर्षे होतात आणि ‘साडेसाती’ हा शब्द येथूनच आला आहे. त्या काळात शनी माणसाचे काही बरेवाईट करतो, याला खगोलशास्त्रात कोणताही आधार नाही. परंतु नुसत्या डोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेध घेऊन आपल्या पूर्वजांनी शनीची गती किती नेमकी ओळखली होती, याची साक्ष मात्र या शब्दात आहे, आणि मला तो शब्द त्यासाठी मोलाचा वाटतो.

प्रश्न : सूर्याच्या सर्वांत जवळ बुध आहे, मग सर्वांत उष्ण ग्रह शुक्र कसा? (निफाड)

उत्तर : आपण निफाडचे असल्यामुळे याचे उत्तर आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले की पहाटे कडाका वाढतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. ढग आले की तीच रात्र उबदार जाते. दिवसभरात जमिनीने घेतलेली उष्णता रात्री अवकाशात निघून जात असते आणि तिला अडवणारे वर काही असेल, तर ती इथेच रेंगाळते.

बुधावर अडवणारे काहीच नाही. त्याला नाव घेण्यासारखे वातावरण नाही, त्यामुळे दिवसा सुमारे ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली जमीन रात्री उणे १८० अंशांपर्यंत उतरते. तिथला दिवसही फार लांब असतो. बुधाचे वर्ष ८८ दिवसांचे आहे, पण एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत आपले १७६ दिवस जातात, म्हणजे बुधाचा एक दिवस त्याच्या दोन वर्षांएवढा भरतो. त्याचा अक्ष जवळजवळ सरळ उभा असल्यामुळे ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही आणि सूर्याच्या इतक्या जवळच्या ग्रहावर, त्या सावल्यांत, चक्क पाण्याचा बर्फ टिकून आहे.

शुक्रावर याच्या नेमके उलट घडते. त्याच्या वातावरणात ९६ टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे आणि पृष्ठभागावरचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या नव्वदपटीहून अधिक, म्हणजे आपल्या समुद्रात सुमारे नऊशे मीटर खोलीवर असतो तेवढा आहे. गंधकाम्लाचे दाट ढग तीन चतुर्थांश ऊन परस्पर परत पाठवतात. (शुक्राची चांदणी इतकी तेजस्वी दिसते ती यामुळेच.) जे थोडे ऊन आत शिरते, त्याने तापलेल्या जमिनीतून निघणारी अवरक्त उष्णता त्या जाड वायूतून सहजासहजी बाहेर पडू शकत नाही. परिणामी दिवसा आणि रात्री, विषुववृत्तावर आणि ध्रुवावर, सगळीकडे तापमान ४६० अंशांच्या वर असते. या तापमानाला शिसे वितळते. सोव्हिएत संघाचे व्हेनेरा १३ हे यान १ मार्च १९८२ रोजी तिथे उतरले. ते भक्कम बांधणीचे यान अवघी १२७ मिनिटे काम करू शकले, पण तेवढ्यात त्याने नारिंगी उजेडातल्या चपट्या खडकांची छायाचित्रे पाठवली.

शुक्र आकाराने आणि वस्तुमानाने पृथ्वीच्या अगदी जवळचा ग्रह आहे. तरी एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे भट्टी, हा फरक मुख्यतः वातावरणाने घडवला आहे. ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर पाठ करून त्याचे हवामान सांगता येत नाही, हे शाळेत अधिक ठासून शिकवले जावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : आमच्या घरच्या पंचांगात ‘हर्षल’ असा ग्रह दिलेला असतो. मुलीच्या पुस्तकात युरेनस आहे आणि हिंदीत अरुण म्हणतात. हे तीन ग्रह की एकच? नवग्रहांत तो येतो का? (इंदूर)

उत्तर : एकच ग्रह आहे. विल्यम हर्शेल हे इंग्लंडमधील बाथ येथे राहणारे व्यावसायिक संगीतकार. १३ मार्च १७८१ रोजी स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून त्यांना हा ग्रह दिसला, तेव्हा आधी तो धूमकेतू असावा असे त्यांना वाटले. त्यांनी त्याला राजा तिसरा जॉर्ज याचे नाव दिले, युरोपात काही ज्योतिर्विद शोधकाच्याच नावाने त्याला ओळखत आणि अखेर युरेनस हे नाव रूढ झाले. मराठी पंचांगांनी मात्र शोधकाचे नाव जपले. ही आपल्या भाषेतली एक सुंदर कृतज्ञता आहे.

हा ग्रह जणू कुशीवर झोपून सूर्याभोवती फिरतो, कारण त्याचा अक्ष ९८ अंशांनी कललेला आहे. त्याची प्रदक्षिणा ८४ वर्षांची असल्यामुळे प्रत्येक ध्रुवावर ४२ वर्षे उजेड आणि ४२ वर्षे अंधार असतो. त्यालाही कडी आहेत. १० मार्च १९७७ रोजी त्याने एका ताऱ्याला झाकले, तेव्हा झाकण्याच्या आधी आणि नंतर तो तारा काही वेळा क्षणभर मंदावला आणि त्यावरून या कड्यांचा शोध लागला. तमिळनाडूतील कवलूर वेधशाळेतूनही त्या रात्री वेध घेतले गेले होते.

नवग्रहांत तो येत नाही. जुन्या अर्थाने ग्रह म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जागा बदलणारे ते, म्हणून त्यांत सूर्य आणि चंद्र आहेत, पृथ्वी नाही. राहू आणि केतू हे तर पिंडच नव्हेत. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू-केतू, आणि ग्रहणे त्यांच्याजवळच होतात. आजच्या व्याख्येने ग्रह आठ आहेत. आठवा नेपच्यून आधी गणिताने सापडला. फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी युरेनसच्या गतीतील विसंगतीवरून जागा सांगितली आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनमध्ये खगोलशास्त्रज्ञ गाल यांना तो तिथून एका अंशाच्या आत दिसला. १९३० मध्ये सापडलेला प्लुटो २००६ मध्ये बटुग्रहांत गेला, पंचांगांत मात्र अजून भेटतो. पंचांगशोधनासाठी ख्यातनाम असलेले व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ मध्येच नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचे गणित मांडून त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे काढला होता. प्लुटोचा काळ २४८ वर्षे आहे. हे साम्य योगायोगाचे मानावे लागते, तरीही त्या काळी इथे बसून एवढे गणित करणाऱ्या माणसाविषयी मला अतीव आदर वाटतो.

प्रश्न : आकाशात ग्रह कोणता आणि तारा कोणता, हे दुर्बिणीशिवाय कसे ओळखावे? (पणजी)

उत्तर : तारे लुकलुकतात, ग्रह सहसा स्थिर प्रकाशतात. तारा इतका दूर असतो की तो केवळ एक बिंदू ठरतो आणि हवेच्या हालचालीने त्याचा प्रकाश थरथरतो. ग्रहाला लहानशी का होईना, तबकडी असते. क्षितिजाजवळ मात्र ग्रहही लुकलुकतो, म्हणून तो पुरेसा वर आल्यावर पाहावे.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. तक्त्यावर सगळे ग्रह जवळजवळ दाखवलेले असतात. मुलांना खरी अंतरे कशी दाखवू? (लातूर)

उत्तर : एक सेंटीमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर असे प्रमाण घ्या. सूर्य १४ सेंटीमीटरचा, म्हणजे चांगल्या मोठ्या सोललेल्या नारळाएवढा होईल. पृथ्वी राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, नारळापासून १५ मीटरवर. बुध ६ मीटरवर, शुक्र ११ मीटरवर आणि मंगळ २३ मीटरवर ठेवा. शुक्रासाठी राजगिराच घ्या, बुध आणि मंगळ खसखशीहूनही बारीक येतील. गुरूसाठी काचेची गोटी घेऊन ७८ मीटर चाला. शनी त्याहून किंचित लहान गोटीचा, १४३ मीटरवर, तेव्हा बहुधा शाळेचे फाटक ओलांडावे लागेल. युरेनस आणि नेपच्यून हे मिऱ्याचे दोन दाणे, एक २८७ मीटरवर आणि दुसरा साडेचारशे मीटरवर. मुलांनी हे अंतर स्वतः पावलांनी मोजावे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवायचा, असे एखाद्याने विचारलेच, तर त्याच प्रमाणात तो सुमारे चार हजार किलोमीटरवर येतो, हे सांगा. राजगिऱ्याचा दाणा कागदावर आधी चिकटवून घ्या, कारण मैदानावर तो हातातून पडला तर पुन्हा सापडणार नाही.