न आवडणाऱ्या कलाकृतीच्या बाजूने: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

समकालीन कलावंत आणि त्यांचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य या विषयावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. लांबलेली पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न: मला समकालीन कला फारशी कळत नाही. एखादं मांडणशिल्प पाहिलं की ‘यात काय आहे?’ एवढंच मनात येतं. जे कळत नाही आणि आवडत नाही, त्याच्या स्वातंत्र्याची बाजू प्रामाणिकपणे कशी घ्यायची?

कळलं नाही हे कबूल करूनच घ्यायची. १९२६ साली शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रँकुसी यांचं एक ब्राँझ शिल्प अमेरिकेच्या बंदरात उतरलं. नावात पक्षी होता, पण शिल्पाला ना चोच, ना पंख, ना पिसं. एक उंच, निमुळता, चकचकीत आकार. कलाकृतींवर तेव्हा तिथे आयात शुल्क नव्हतं. सीमाशुल्क अधिकाऱ्यांना मात्र यात कला दिसेना. त्यांनी ते स्वयंपाकघरातली भांडी आणि रुग्णालयाचं साहित्य या वर्गात टाकलं आणि ४० टक्के शुल्क लावलं. प्रकरण कोर्टात गेलं. यात पक्षी ओळखणं अवघड आहे, हे न्यायाधीशांनाही मान्य होतं. तरीही १९२८ मध्ये निकाल ब्रँकुसींच्या बाजूने लागला. या नव्या विचारांशी आपण सहमत असू वा नसू, ते आहेत आणि त्यांची दखल घ्यावीच लागेल, असा त्या निकालाचा सूर होता. तुम्हाला याहून जास्त काही करायचं नाही.

लोकांना कळत नाही, याचा सत्ता कसा वापर करते तेही पाहा. जुलै १९३७ मध्ये म्युनिकला नाझी सरकारने आधुनिक कलेची टिंगल करणारं प्रदर्शन भरवलं. सुमारे ६५० कलाकृती दाटीवाटीने, काही वेड्यावाकड्या टांगलेल्या. भिंतींवर चेष्टेची वाक्यं. आणि चित्रांशेजारी संग्रहालयांनी मोजलेल्या किमती. हे सगळं कष्टकऱ्यांच्या करातून घेतलंय, हे लोकांच्या मनात भरवायचं होतं. एमिल नोल्डे हे चित्रकार तर स्वतः नाझी पक्षाचे सदस्य होते. तरी त्यांच्या हजाराहून अधिक कलाकृती संग्रहालयांतून उचलल्या गेल्या आणि पुढे त्यांच्या व्यावसायिक कामावरच बंदी आली. ‘मी तर सरकारच्याच बाजूचा’ म्हणून कुणी सुटत नाही.

तेव्हा दालनातून बाहेर पडताना खुशाल म्हणा, मला नाही आवडलं. वाद घाला, परखड लिहा. फक्त ‘हे इथे लावलंच का?’ या प्रश्नापर्यंत जाण्याआधी क्षणभर थांबा.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या नव्या इमारतीत एका तरुण चित्रकर्तीकडून मोठं भित्तिचित्र करून घ्यायचं आहे. पैसे आम्ही देणार, भिंत आमची. मग चित्रात काय असावं हे ठरवण्याचा अधिकारही आमचाच ना?

काम सुरू होण्याआधी बराचसा. नंतर जवळजवळ नाही.

१९३३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरा भित्तिचित्र करत होते. आराखडा मंजूर झालेला होता. काम चालू असताना त्यात लेनिनचा चेहरा उमटला. मालकांनी पत्र लिहून तो बदलायला सांगितलं. रिवेरांनी नकार दिला आणि तोल साधायला लिंकनचं चित्र घालायची तयारी दाखवली. त्यावर त्यांच्या हातात उरलेल्या मानधनाचा धनादेश ठेवून काम थांबवण्यात आलं. चित्रावर पडदा पडला आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये ते फोडून टाकलं गेलं. रिवेरांच्या सहकाऱ्यांनी चोरून फोटो काढून ठेवले होते. त्यांच्या आधारे रिवेरांनी त्याच वर्षी मेक्सिको सिटीत ते चित्र पुन्हा उभं केलं. आराखड्यापलीकडे रिवेरा गेले, हे खरंच आहे. पण पूर्ण पैसे दिले म्हणजे चित्र फोडण्याचा नैतिक अधिकारही मिळाला, असं मालकांनी धरलं. ते मला आजही पटत नाही.

कायदाही हळूहळू त्याच दिशेने आला. कलाकृती विकली गेली तरी तिच्यावर आपलं नाव राहावं आणि आपली प्रतिष्ठा डागाळेल अशी तिची मोडतोड होऊ नये, हा कलावंताचा नैतिक हक्क बर्न करारात, म्हणजे साहित्य-कलेच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९२८ पासून आहे. भारतात या हक्काचा मोठा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प विज्ञान भवनात होतं. १९७९ मध्ये त्यांना न विचारता ते उतरवलं गेलं आणि गोदामात टाकलं गेलं. ते सरकारी मालकीचं होतं, तरी न्यायालयाने उरलेले भाग शिल्पकाराला परत द्यायला सांगितले आणि ५ लाख रुपये भरपाईही. तोवर पंचवीस वर्षं उलटली होती.

तुमच्या करारपत्रात चार गोष्टी स्वच्छ लिहा. विषय आणि जागेच्या अटी सुरुवातीलाच. कच्चं रेखाटन एकदाच मंजूर होईल. ‘वेळोवेळी सुचवलेले बदल’ हे शब्द मसुद्यात दिसले तर खोडा. तक्रार आली तर निर्णय कोण घेणार आणि त्याआधी चित्रकर्तीचं म्हणणं कसं ऐकून घेणार. आणि कधी भिंत पाडायची वेळ आली, तर तिला किती दिवस आधी कळवणार. निम्मं मानधन आगाऊ द्या. रंग, परांचे, मदतनीस यांचा खर्च तिच्या खिशातून जाऊ लागला की प्रत्येक सूचनेला तिला ‘हो’ म्हणावं लागतं.

प्रश्न: मी शिल्पकार आहे. प्रदर्शनांची निमंत्रणं येतात, पण मानधनाचा विषय काढला की ‘तुम्हाला प्रसिद्धी मिळेल’ असं ऐकवतात. पैशाचं बोललं की कलेचा अपमान होतो का?

अजिबात नाही. विद्युतकाम करणारा, छपाईवाला, सुरक्षारक्षक या सगळ्यांना त्याच प्रदर्शनात पैसे मिळतात. कॅनडातल्या कलावंतांनी १९६८ मध्ये संघटना उभी केली आणि प्रदर्शनाच्या मानधनाचे किमान दर मान्य करून घेतले. स्वीडनमध्ये २००९ पासून सरकार आणि कलावंत संघटना यांच्यात यासाठी करारच आहे. आयर्लंडने २०२२ मध्ये २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो मूळ उत्पन्न देण्याचा प्रयोग सुरू केला.

हा प्रश्न मी स्वातंत्र्याच्या पत्रांत मुद्दाम घेतला. ज्याला एक काम सोडणं परवडत नाही, त्याला ‘तेवढा भाग काढा’ या सूचनेलाही नाही म्हणता येत नाही. बंदीहुकूम क्वचित निघतो. उधारी रोजची असते. पुढच्या निमंत्रणाला उत्तर देताना मानधन, वाहतूक, विमा आणि मांडणीचा खर्च या चार बाबी विचारा, तेही ईमेलवर. उत्तर टाळलं गेलं, तर काय ते कळेलच.

प्रश्न: आम्ही छोटं कलादालन चालवतो. एका चित्रावरून धमकीचे फोन येऊ लागले आणि आम्ही ते चित्र उतरवलं. लोकांच्या सुरक्षेसाठीच केलं, तरी चित्रकार दुखावला गेला. आमचं चुकलं का?

जिवाची भीती खरी असेल, तर दार बंद करणं चूक नाही. पण दार बंद करणं आणि चित्र उतरवणं यांत फरक आहे. दार बंद केलं तर दोष धमकी देणाऱ्याच्या माथी राहतो. एकच चित्र उतरवलं की तो नकळत चित्रकारावर जातो.

जपानमधल्या ऐची त्रैवार्षिक प्रदर्शनात २०१९ साली हेच घडलं. पूर्वी ठिकठिकाणी नाकारल्या गेलेल्या कलाकृतींचं एक वेगळं दालन तिथे केलं होतं. त्यात युद्धकाळात जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या कोरियन मुलींची आठवण जागवणारा पुतळा होता: खुर्चीवर बसलेली मुलगी आणि शेजारी एक रिकामी खुर्ची. फोनचा भडिमार झाला. पेट्रोल घेऊन येण्याची धमकी फॅक्सने आली, आणि जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी क्योतोतल्या एका स्टुडिओत पेट्रोल ओतून लावलेल्या आगीत कितीतरी माणसं गेली होती. तीन दिवसांत दालन बंद झालं. त्यावर इतर अनेक कलावंतांनी आपलीही कामं निषेध म्हणून झाकली किंवा मागे घेतली.

पुढचं मला सर्वांत मोलाचं वाटतं. फोन घेणारे साधे कर्मचारी खचून गेले होते, म्हणून कलावंतांनी स्वतःच एक कॉल सेंटर काढलं. तक्रार करायला फोन लावणाऱ्याशी आता थेट कलावंत बोलू लागले. ८ ऑक्टोबरला ते दालन पुन्हा उघडलं. प्रेक्षकांची संख्या मोजकी, प्रवेश सोडत काढून. पण पुतळा जागेवर होता.

तुमच्याकडे एवढी माणसं नसतील, पण तयारी उद्घाटनाआधी करता येते. फोन कोण घेणार आणि काय बोलणार ते कागदावर लिहून टेबलाशी चिकटवा. धमकी आली की वेळ आणि शब्द जसेच्या तसे टिपून त्याच दिवशी पोलिसांत द्या. तक्रार लेखी आणि नावानिशी मागा, आणि तक्रारदाराने कलाकृती प्रत्यक्ष पाहिली आहे का ते विचारा. निर्णय होईपर्यंत काम भिंतीवरच राहील, हा नियम आधीच जाहीर करा. ऐन गोंधळात केलेला नियम कुणी मानत नाही.

केवळ कोर्ट तुमच्या बाजूने असणंही पुरत नाही. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्यावर चित्रावरून भरलेले खटले रद्द केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत भरलेल्या मोठ्या कलामेळ्यात त्यांचं एकही चित्र नव्हतं. आयोजकांना सुरक्षेची धास्ती होती. ‘सहमत’ या संस्थेने मग वेगळं प्रदर्शन भरवून हुसेन यांची बाजू घेतली. २०११ मध्ये लंडनला हुसेन वारले तेव्हा ते कतारचे नागरिक होते.

त्या चित्रकाराला आजच फोन करा. चित्र पुन्हा कधी लावणार याची तारीख सांगा, जमलं तर त्याच्याशी जाहीर संवाद ठेवा. स्पष्टीकरणापेक्षा तारखेने त्याला धीर येईल.

प्रश्न: मग कलेच्या नावाखाली काहीही चालवून घ्यायचं? मर्यादा नकोच का?

मर्यादा आहे, पण ‘माझं मन दुखावलं’ इथे ती नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७६ मध्येच म्हटलं, की धक्का देणाऱ्या, खुपणाऱ्या, अस्वस्थ करणाऱ्या विचारांनाही संरक्षण आहे. खरी रेषा हिंसेची चिथावणी, विशिष्ट व्यक्तीचा छळ, मुलांचं शोषण इथे येते. चिथावणी ओळखायला संयुक्त राष्ट्रांच्या रबात कृती आराखड्यात (२०१२) सहा कसोट्या दिल्या आहेत: संदर्भ काय, बोलणारा कोण, हेतू काय, आशय आणि रूप काय, पोच किती आणि प्रत्यक्ष इजा होण्याची शक्यता किती. वादातल्या कुठल्याही चित्राला त्या लावून पाहा. बहुतेक वेळा सहाव्या कसोटीशी आल्यावर लक्षात येतं, की धोका चित्राकडून कुणाला नसतो. तो चित्रकारालाच असतो.

प्रश्न: मी तेवीस वर्षांची चित्रकर्ती आहे. एका चित्रमालिकेवरून समाजमाध्यमांवर शिव्या आणि बलात्काराच्या धमक्या आल्या. आता ब्रश उचलला तरी ‘लोक काय म्हणतील’ हेच डोक्यात येतं. आणि घरचे, मित्र विचारतात, आम्ही मदत कशी करू?

आधी सुरक्षितता. धमक्यांचे स्क्रीनशॉट तारीख आणि लिंकसकट जमवा, पण ते काम तुम्ही करू नका. विश्वासातल्या मैत्रिणीकडे खातं सोपवा. तिने रोज पाहावं, नोंदवावं, पोलिसांकडे द्यावं. संकेतस्थळ, जुनी बिलं, फोटोंतली ठिकाणाची नोंद यांतून घराचा पत्ता उघडा पडत नाही ना, ते तपासा. शिव्या देणाऱ्यांना उत्तर देऊ नका. परिस्थिती फारच बिघडली, तर कलावंतांना काही काळ आसरा देणाऱ्या शहरांचं ‘आयकॉर्न’ हे जाळं २००६ पासून काम करतं आहे. संकटातल्या कलावंतांना मदतीपर्यंत पोहोचवणारं ‘आर्टिस्ट्स ॲट रिस्क कनेक्शन’ही आहे.

आता ब्रशचं. मालिका काही महिने बाजूला ठेवावीशी वाटली, तर ठेवा. तो निर्णय तुमचा असेल तर त्यात पराभव नाही. पण चित्र काढणं थांबवू नका; कुणाला न दाखवता काढा. दाखवायचं की नाही हे नंतर ठरवता येतं, न काढलेल्या चित्राबद्दल काहीच ठरवता येत नाही.

घरच्यांना आणि मित्रांना हे वाचून दाखवा. ‘कशाला असं काढलंस?’ हा प्रश्न निदान वर्षभर विचारू नका. तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा, तिथे तासन् तास बसावं लागतं. २०११ साली बीजिंगमध्ये चिनी कलावंत आय वेवे यांना ८१ दिवस डांबून ठेवल्यावर त्यांच्यावर प्रचंड करवसुली लादली गेली. तेव्हा हजारो सामान्य माणसांनी त्यांना उसने पैसे पाठवले. काहींनी तर नोटांची विमानं करून त्यांच्या अंगणात भिरकावली. त्यातल्या कितीजणांना त्यांची कला आवडत होती, हे कुणी विचारलं नाही.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी प्रदर्शनाला जावं आणि परतल्यावर आयोजकांना चार ओळी लिहाव्यात: अमुक तारखेला आलो, अमुक काम पाहिलं, ते लावल्याबद्दल आभार. तक्रारीची पत्रं न मागता येतात. संचालक मंडळाच्या बैठकीत ती टेबलावर ठेवली जातात, तेव्हा क्युरेटरच्या हातात दुसऱ्या बाजूची दहा-वीस पत्रं असली तर चर्चेचा रंग बदलतो. पत्र ईमेलने पाठवा, कामाचं आणि कलावंताचं नाव नीट लिहा, आणि एक प्रत त्या कलावंतालाही धाडा.