12 लाख, एक पटकथा आणि हिवाळ्याची घाई

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पटकथा तयार आहे, स्वतःचे आणि मित्रांचे मिळून 12 लाख रुपये जमले आहेत, निर्माता मिळालेला नाही, तेव्हा याच हिवाळ्यात गावी जाऊन 18 दिवसांत चित्रपट उरकावा का, आणि कॅमेरा कोणता भाड्याने घ्यावा? कॅमेऱ्याचे उत्तर लांबवत नाही, कारण आज भाड्याने मिळणारा कोणताही बरा कॅमेरा या पटकथेला पुरेसा आहे. त्या 18 दिवसांबद्दल मात्र बरेच सांगायचे आहे.

स्वतंत्र दिग्दर्शकाजवळ पैसा नसतो हे सगळेच सांगतात. त्याच्याजवळ वेळ असतो, हे फारसे कोणी सांगत नाही. मोठ्या निर्मितीत नटाच्या तारखा संपल्या की प्रसंग कसाही झालेला असो, तो संपतो. तुमच्यावर अशी तारीख कोणी लादलेली नाही, तरी तुम्ही ती आपण होऊन अंगावर घेत आहात. चित्रीकरणाच्या आधीचे सहा महिने जवळजवळ फुकट असतात. युनिट उभे राहिल्यावर मात्र तीस माणसांचा नाश्ता, दिव्यांचे भाडे आणि जनरेटरचे डिझेल यांचा हिशेब तासाला चालू होतो, आणि त्या वेळी विचार करत बसणे ही चैन ठरते. म्हणून जे ठरवायचे, शोधायचे आणि चुकायचे आहे, ते फुकटच्या महिन्यांत उरकून घ्यावे.

‘पथेर पांचाली’ या बंगाली चित्रपटाची हकीकत बहुधा पैशांच्या ओढाताणीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. त्याचे दिग्दर्शक सत्यजित राय जाहिरातसंस्थेतली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी काम करत. 27 ऑक्टोबर 1952 रोजी बंगालमधल्या पालसित गावाजवळ काशफुलांच्या (उंच गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या) माळावर पहिले चित्रीकरण झाले. पुढच्या आठवड्यात मंडळी परतली तेव्हा गुरांनी फुले फस्त केली होती आणि राहिलेल्या भागासाठी पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागली. विमा आणि पत्नीचे दागिने गहाण पडले, अखेरीस पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले, आणि चित्रपट 1955 साली पडद्यावर आला. मला यातला मिठाईवाल्याचा तपशील अधिक मोलाचा वाटतो. मिठाईवाल्याची भूमिका करणारे गृहस्थ चित्रीकरण रखडलेले असतानाच वारले, तेव्हा त्याच अंगकाठीचा दुसरा माणूस शोधून तो पाठमोरा दाखवला गेला, आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. राय यांना प्रत्येक चौकटीचे चित्र आधीच वहीत काढायची सवय होती. शॉटमध्ये नेमके काय दिसले पाहिजे हे ठाऊक असल्याशिवाय काय लपवले तरी चालेल हे सुचत नाही. पटकथेच्या शेजारी अशी एक वही तुम्हीही ठेवा. चित्रकला येत नसली तरी काड्यांची माणसे पुरतात.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाचे. 2014 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दोन पुरस्कार आणि त्याच वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक, हे सर्वांना आठवते. त्यामागे प्रत्यक्ष न्यायालयांत बसून केलेले निरीक्षण आणि नटांचा दीर्घ शोध होता, हे कमी जणांना आठवते. गीतांजली कुलकर्णी यांच्यासारख्या कसलेल्या अभिनेत्रीसमोर कधीही कॅमेऱ्यापुढे उभी न राहिलेली माणसे त्यात आहेत, आणि लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. लिहिण्याच्या काळात निर्माते विवेक गोम्बर ताम्हाणे यांना दरमहा मानधन देत होते. म्हणजे पैसा आधी वेळेवर खर्च झाला, यंत्रसामग्रीवर नंतर. शेवटाकडे सुट्टीपूर्वी न्यायालय बंद होते, दिवे एकामागून एक मालवले जातात आणि कॅमेरा जागचा हलत नाही, हा प्रसंग पुन्हा पाहा. त्याला ना क्रेन लागली ना गर्दी; लागली ती फक्त तेवढा वेळ त्या खोलीकडे पाहत राहण्याची हिंमत.

आता माझी फजिती सांगतो, कारण ती तुमच्या वाड्याच्या प्रसंगांना थेट लागू आहे. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या चित्रपटाला सहायक दिग्दर्शक होतो. सासू-सुनेचा सगळ्यात महत्त्वाचा संवाद एका जुन्या वाड्याच्या सोप्यात घ्यायचा होता, आणि सिंक साउंडचा, म्हणजे संवाद नंतर डब न करता जागेवरच ध्वनिमुद्रित करण्याचा, आग्रह माझाच होता. रेकी, म्हणजे जागेची आगाऊ पाहणी, केली त्या दुपारी वाडा इतका शांत होता की आढ्यावरचे पारवे ऐकू येत होते. चित्रीकरणाच्या दिवशी पहिल्या टेकच्या मध्यावर ध्वनिमुद्रकाने हेडफोन काढून माझ्याकडे नुसते पाहिले. मागच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती, आणि आम्ही रेकीला गेलो तेव्हा गावात भारनियमन असल्यामुळे ती बंद होती! गिरणीवाल्याने दोनदा दहा-दहा मिनिटे पट्टा थांबवला, पण बायाबापड्या दळणाचे डबे घेऊन ताटकळत होत्या. त्याला तरी किती अडवणार? दुपारी दिग्दर्शकाने पायरीवर बसून प्रसंग नव्याने लिहिला. गिरणीची घरघर चालू असेपर्यंत दोघी फक्त तांदूळ निवडतात. वीज जाते, पट्टा थांबतो, आणि त्या शांततेत सासू जे बोलायचे ते बोलते. प्रसंग मूळच्यापेक्षा बरा झाला असे लोक म्हणतात. मला विचाराल तर अर्धाच बरा झाला, कारण सुनेचे उत्तर घेईपर्यंत उजेड गेला आणि ते दुसऱ्या दिवशी वेगळ्या उन्हात घ्यावे लागले. आजही तो जोड मला खुपतो. रेकीला चार दिवस जास्त दिले असते, तर ही गिरणी पटकथेत पहिल्यापासूनच असती.

तुमच्या पटकथेतला आठवडी बाजार 18 दिवसांच्या आराखड्यात बसणार नाही. पन्नास माणसे पैसे देऊन उभी केली तरी ती बाजार करणाऱ्या माणसांसारखी दिसत नाहीत. त्यांची नजर सारखी कॅमेऱ्याकडे जाते. त्यापेक्षा चार-पाच आठवडे खऱ्या बाजारात नुसते जात राहा, ग्रामपंचायतीची आणि दुकानदारांची परवानगी घ्या, आणि लोकांना तुमचा कंटाळा आला की दोन नट व एक छोटा कॅमेरा घेऊन जा. बापलेकांचे भांडण बाजाराच्या मधोमध हवे असा तुमचा हट्ट आहे, पण त्यातला मजकूर बापाने मोडलेले बोट लपवण्याचा आहे, आणि तो एसटीच्या थांब्यावरही तितकाच घडेल. हे तुम्हाला पटणार नाही असे वाटते. तरी एकदा तसे लिहून पाहा.

पैशांबद्दल थोडक्यात. राज्य शासनाचे अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळते; ते भांडवल समजून कोणाकडून उसने घेऊ नका. नोव्हेंबरमध्ये गोव्यात ‘इफ्फी’ या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने भरणाऱ्या ‘फिल्म बाजार’ या चित्रपट व्यावसायिकांच्या मेळाव्यात अपुऱ्या चित्रपटांच्या रफ कटवर, म्हणजे पहिल्या कच्च्या संकलनावर, जाणकारांचे मार्गदर्शन मिळण्याची सोय असते, त्यासाठी आधी रफ कट हातात असावा लागतो, आणि इथेच बहुतेकांचे गणित चुकते. चित्रीकरणाच्या शेवटच्या आठवड्यात शिल्लक सगळी रक्कम आणखी एका दिवसासाठी ओतावीशी वाटते. तुमच्या 12 लाखांपैकी निदान 3 लाख संकलन, ध्वनी आणि रंगसंस्कारासाठी आजच वेगळ्या खात्यात टाका, आणि ते खाते शक्यतो तुमच्या नावावर नसू द्या. पहिला रफ कट पाहून पोटात खड्डा पडेल. तो सगळ्यांच्याच पडतो. तीन आठवडे त्याला हात लावू नका, मग संकलकाला एकट्याला बसू द्या, आणि जो शॉट घ्यायला तुम्हाला सर्वाधिक त्रास झाला तो कापायला त्याने सुचवले, तर निदान एक दिवस वाद घालू नका.