तबकडी खालच्या पट्टीत का वाजते?

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून पट्ट्यावर चालणारा जुना रेकॉर्ड प्लेअर आणून दिला. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावल्यावर तो चालतो, परंतु गायकांचे आवाज जड वाटतात आणि आमच्या भजनी मंडळाच्या पेटीशी सूर जुळत नाही. थाळीच्या कडेवरचे ठिपके मात्र तिथल्याच निऑन दिव्याच्या उजेडात स्थिर दिसतात. मोटरला वेगनियंत्रक लावल्याने आवाज सुधारेल का?
— एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या बाबतीत सुधारेल, कारण दोष विजेच्या वारंवारतेत, म्हणजे प्रवाह सेकंदाला किती वेळा मागेपुढे होतो (एकक हर्ट्झ) त्यात आहे. अशा प्लेअरमधील सिंक्रोनस मोटरचा वेग व्होल्टेजवर नव्हे, तर वारंवारतेवर ठरतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, वारंवारतेला हातही लावत नाही. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी थाळी जेमतेम २७.८ फेरे घेते आणि काळी एकमधले गाणे जवळपास काळी पाचपर्यंत खाली उतरते. ठिपक्यांवर विसंबू नये : निऑन दिवाही त्याच विजेवर लुकलुकत असल्याने मोटर आणि दिवा दोघेही सारख्याच प्रमाणात मागे पडतात, आणि ६० हर्ट्झसाठी आखलेले ठिपके चुकीच्या वेगातही जागचे हलत नाहीत. त्याऐवजी थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून घड्याळ लावून फेरे मोजावेत. तीन मिनिटांत बरोबर १०० भरले पाहिजेत.

मोटरवरच्या पट्टीवर ‘६० हर्ट्झ’ लिहिले आहे ना, हे आधी पाहावे. तिथे ‘डीसी’ (एकाच दिशेने वाहणारी वीज) असेल, तर हा उपाय लागू नाही. वेगनियंत्रक क्वार्ट्झच्या आधारे स्वतःची स्वच्छ लहर तयार करून मोटरला पुरवतो. ६० हर्ट्झला ३३⅓ आणि ८१ हर्ट्झला ४५ फेरे मिळतात, म्हणजे पट्टा पुलीच्या (मोटरवरच्या छोट्या चाकाच्या) एका खाचेतून दुसऱ्या खाचेत सरकवण्याची कटकटही उरत नाही. मोटर फिरू लागल्यावर व्होल्टेज थोडे कमी करण्याची सोय असलेला नियंत्रक मिळाल्यास अवश्य घ्यावा, कारण त्याने मोटरची थरथर घटते आणि सुईपर्यंत पोचणारी घरघर कमी होते. भारनियमनात घरातला चौकोनी लहर देणारा (स्क्वेअर वेव्ह) इन्व्हर्टर चालू झाला की मोटर गुणगुणू लागते, तो त्रासही डीसी अडॅप्टरवर चालणाऱ्या नियंत्रकामुळे टळतो. शिवाय पेटीचे सूर हलवता येत नाहीत. वेग किंचित कमी-जास्त करून तबकडीच तिच्या सुराला आणता येते, आणि मंडळासाठी मला हाच फायदा मोठा वाटतो.

खर्च नको असेल, तर त्याच मॉडेलची ५० हर्ट्झची पुली शोधावी; तिचा व्यास १.२ पट असतो आणि मूळ दुखणे तेवढ्यानेच बरे होते. मोटर मूळची ५० हर्ट्झची असती, तर मी नियंत्रक घ्या असे म्हटले नसते. आपल्या ग्रीडची वारंवारता बहुतांशी ५० च्या अगदी जवळ राहते, आणि एवढ्याशा फरकाने गाणे बेसूर होत नाही.

सैल झालेला पट्टा, कोरडे पडलेले बेअरिंग किंवा तबकडीचे मध्यापासून सरकलेले छिद्र यांमुळे सूर हेलकावत असेल, तर नियंत्रक काही करू शकत नाही. म्हणून नवा पट्टा आणि तेलाचा थेंब आधी. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या मात्र या यंत्रावर वाजवू नयेत. त्यांसाठी १४० हर्ट्झच्या आसपास जावे लागेल, तिथे मोटरचा जोर अपुरा पडण्याची शक्यता आहे, आणि त्यांची रुंद खाच वेगळी, जाड टोकाची सुई मागते.