फोटोवरून सागवानावर थ्रीडी कोरीव काम करायचंय, फोटो टाकला की आपोआप रिलीफ (उठावाचं कोरीव चित्र) करून देणारं सॉफ्टवेअर कोणतं?

आपोआप करून देणारी ढीगभर आहेत, पण त्यातलं एकही तुम्हाला हवं ते करत नाही. तुम्ही लिहिलंय की नवीन ६०४० राऊटर (६०० बाय ४०० मिमीचं कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशिन) घेतलाय, देव्हाऱ्यासाठी गणपती आणि वडिलांचा फोटो कोरायचाय, आणि फोटो टाकून प्रिव्ह्यू बघितला तर "सगळे काटेकाटे आणि खड्डे" दिसले. अहो, ते बरोबरच दिसलंय. सॉफ्टवेअरने जे करायचं तेच केलंय.

माझं पुण्यात नऱ्ह्याला छोटं युनिट आहे, देव्हारे, दरवाजे, नेमप्लेटा असली कामं. सुरुवातीला एकाने आजोबांचा फोटो आणला, कृष्णधवल, पांढरी टोपी, काळा कोट, काळ्या फ्रेमचा चष्मा आणि झुपकेदार पांढऱ्या मिशा. मी पण उत्साहात फोटो टाकला, बटण दाबलं, प्रिव्ह्यू लांबून बरा वाटला म्हणून थेट सागवान लावलं मशिनवर. पाच तासांनी बघतो तर टोपी बाल्कनीसारखी पुढे आलेली, मिशा नाकापेक्षा उंच, चष्म्याच्या काचेवर फ्लॅशचा जो ठिपका होता त्याचा खिळा झालेला, आणि काळा कोट तळाला. आजोबा विहिरीतून डोकं वर काढून बघतायत असं दिसत होतं. ती फळी अजून युनिटमध्ये आहे, नवीन पोराला शिकवताना आधी तीच दाखवतो.

तर झालं काय होतं, सॉफ्टवेअरला चेहराबिहरा काही कळत नाही, त्याला फक्त करडा रंग कळतो. पांढरं म्हणजे उंच, काळं म्हणजे खोल, मधलं मधे. याला हाईटमॅप म्हणतात. पण फोटोतला उजेड म्हणजे उंची नव्हे ना, तो फक्त उजेड आहे. नाकाची सावली गालावर पडली तर गालाला चर पडणार, काळे केस म्हणजे खड्डा, दात म्हणजे सुळके. फोटो सरळ टाकून एकाच कामात रिझल्ट मिळतो, लिथोफेनमध्ये, म्हणजे कोरियन नावाच्या अ‍ॅक्रेलिकच्या पातळ पांढऱ्या शीटवर कोरून मागून दिवा लावतात ते. तिथे जाड भागातून उजेड कमी येतो म्हणून काळं जाड आणि पांढरं पातळ ठेवायचं, मग फोटो हुबेहूब दिसतो. लाकडामागे दिवा लावून उपयोग नाही.

म्हणून खरं काम आहे ते फोटोला "उंचीचं चित्र" बनवण्याचं, आणि त्यात सॉफ्टवेअरच्या ब्रँडने फार फरक पडत नाही. तरी विचारलंयत म्हणून सांगतो. आपल्याकडे अजून अर्धी पब्लिक जुन्या आर्टकॅमवर आहे, ते डेलकॅमचं होतं, २०१४ मध्ये ऑटोडेस्कने डेलकॅम घेतली आणि २०१८ मध्ये आर्टकॅम बंद केलं, आता तेच कार्व्हेको नावाने मिळतं. व्हेक्ट्रिकचं अस्पायर चांगलं आहे पण महाग, त्यांच्याच व्हीकार्व्ह प्रोमध्ये तयार थ्रीडी मॉडेल आणून कोरता येतं, स्वतः घडवता येत नाही. फुकटात करायचं तर गिंप (फोटो एडिट करायला) आणि ब्लेंडर (थ्रीडीला), मी अजूनही निम्मी कामं यातच करतो. क्रॅक केलेल्या, म्हणजे चोरीच्या कॉपीच्या नादी लागू नका, माझा एक पीसी त्यातच गेलाय.

आता आजोबांचं दुसऱ्यांदा कसं केलं ते सांगतो, ते तुमच्या वडिलांच्या फोटोला तसंच लागू पडेल.

आधी ओरिजिनल फोटो मागून घेतला आणि स्कॅन केला. मोबाईलवर फॉरवर्ड होत होत आलेला फोटो कधीच घेऊ नका, जेपेग दाबताना चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून दाबतो, स्क्रीनवर ते लक्षात येत नाहीत पण लाकडावर गालाला फरशी बसवल्यासारखे उठतात. मग फोटोची डेप्थमॅप, म्हणजे काय पुढे आणि काय मागे याचं चित्र, काढली. आता यासाठी मिडास, डेप्थ एनिथिंग अशी एआय मॉडेल्स फुकट आहेत, ती एका फोटोवरून अंदाज बांधतात की नाक पुढे, कान मागे, खांदे त्याहून मागे, आणि जवळचं पांढरं असं करडं चित्र देतात. उलटं आलं तर इन्व्हर्ट करा. याने टोपी आणि कोटाचा प्रॉब्लेम एका फटक्यात सुटला, कारण रंग काळा का पांढरा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण बारीक काम याने सगळं गुळगुळीत होतं, मिशांचे केस गेले, कोटाची कॉलर गेली, डोळे तर बटाट्याला पाडलेल्या खाचा.

इथे हात लावावा लागतो. मूळ फोटोला हायपास फिल्टर मारून फक्त बारीक रेषा काढल्या आणि त्या डेप्थमॅपवर साधारण दहा-बारा टक्के मिसळल्या, त्याहून जास्त घातल्या की परत काटे. चष्म्याची चमक आधीच रंगवून काढली. पापण्या, ओठांची मधली रेघ आणि नाकपुड्या गिंपमध्ये सॉफ्ट ब्रशने हाताने रंगवल्या, उंच तिथे फिकट, खोल तिथे गडद. बॅकग्राऊंड कापून पूर्ण काळा. याला दीड दिवस गेला, मशिनला पाच तास. गिऱ्हाईक पैसे देताना मशिनचे तास मोजतं हा वेगळा विषय.

एक गोष्ट मला उशिरा कळली ती तुम्ही आधीच करा, गिंपमध्ये फाईल उघडल्यावर पहिल्यांदा प्रिसिजन १६ बिट करा (२.१० किंवा त्यानंतरची आवृत्ती लागेल) आणि पीएनजी पण १६ बिटच एक्स्पोर्ट करा. ८ बिटमध्ये करड्याच्या फक्त २५६ छटा असतात. तुमचा उठाव १२ मिमी धरला तर एक छटा म्हणजे जवळपास ०.०४७ मिमीची पायरी, आणि गाल-कपाळासारख्या हळूहळू उतरणाऱ्या भागावर या पायऱ्या टेकडीच्या नकाशावरच्या रेषांसारख्या दिसतात, पॉलिश मारल्यावर तर जास्तच. १६ बिटमध्ये छटा ६५,५३६. नुसतं १६ बिट करून नवीन छटा उगवत नाहीत हां, त्यानंतर हलका ब्लर मारला की मधल्या छटा भरतात.

दुसरं, खोली. चेहऱ्यात नाकापासून कानापर्यंत खरं अंतर दहा-बारा सेंटिमीटर, तुमच्याकडे फळीत दहा-बारा मिलिमीटर. सगळं सारख्या प्रमाणात दाबलं की चेहरा लाटलेल्या पोळीसारखा होतो. रुपयाच्या नाण्यावरचा सिंह बघा, उठाव मिलिमीटरच्या अंशात, तरी आयाळ ओळखू येते. बाजीराव रस्त्यावरून आत केळकर संग्रहालयात जाऊन कोरीव दरवाजे समोरून बघू नका, बाजूला उभं राहून तिरके बघा. आकृतीच्या कडेला कोरणाऱ्याने सरळ खोल उतरून सावली पाडलीय आणि आतलं काम त्यामानाने उथळ ठेवलंय. तसंच करायचं, बाहेरच्या कडेला एकदम दोन-तीन मिमी उतार द्यायचा, आतला उंचसखलपणा दाबायचा आणि डोळे-ओठ मात्र जरा वाढवून ठेवायचे. गिंपमधल्या कर्व्ह्ज टूलने (फिकट-गडद छटा कमीजास्त करणारं) हे बऱ्यापैकी होतं.

गणपतीचं मात्र फोटोवरून करूच नका. बाजारात तयार एसटीएल (थ्रीडी मॉडेलच्या फाईली) मिळतात, पेनड्राईव्ह भरून फिरतात, पण तोच तो गणपती पुण्यातल्या अर्ध्या दरवाजांवर बसलाय. घरात शाडूची मूर्ती असेल तर तिचे सगळीकडून साठ-सत्तर फोटो काढा, मेशरूम हे फुकट सॉफ्टवेअर त्यावरून थ्रीडी मॉडेल बनवतं (एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं), मग ब्लेंडरमध्ये ऑर्थोग्राफिक कॅमेरा (जवळचं-लांबचं सारख्याच मापाचं दाखवणारा) समोर ठेवून डेप्थ काढायची. पितळी मूर्तीवर हे जमत नाही, चकाकी प्रत्येक फोटोत जागा बदलते आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. शाडूची मॅट असते, ती मस्त येते.

मशिनचं थोडक्यात. रफिंगला, म्हणजे आधी जाडंभरडं काढायला, ६ मिमीचं एंडमिल (सपाट टोकाचं कटर), वर अर्धा मिमी मटेरियल ठेवून. फिनिशिंगला टेपर बॉलनोज (निमुळतं, गोल टोकाचं कटर), टोकाची त्रिज्या ०.५ मिमी. स्टेपओव्हर, म्हणजे शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर, ०.२ मिमी ठेवलात तर सपाट भागावर दोन रेषांमधला उंचवटा ०.०१ मिमी राहतो (स्टेपओव्हरचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट), लाकडाला एवढं रग्गड झालं. ३०० बाय ३०० च्या जॉबला ०.२ ने पंधराशे फेऱ्या, म्हणजे साडेचारशे मीटर, २००० च्या फीडने (मिनिटाला २००० मिमी वेगाने) पावणेचार तास, प्रत्यक्षात वर-खाली करताना मशिन हळू होतं म्हणून पाच धरा. ०.१ केलंत की सरळ दुप्पट, आणि फरक शोधावा लागतो. फाईलपण उगाच १०,००० पिक्सेलची करू नका, ३०० मिमीला ३,००० पुरे, त्याहून बारीक काही ते कटर कोरूच शकत नाही आणि हलका कंट्रोलर मोठी फाईल वाचता वाचता अडखळतो, मग गालावर कटरचे ठिपके पडतात. टूलपाथ (कटरचा मार्ग) लाकडाच्या रेषांना आडवा लावला की कुसळं निघतात, मी ४५ अंशात लावतो.

आणि फिनिशिंग गुरुवारी लावू नका. आमच्याकडे हमखास लाईट जाते, अर्ध्या नाकावर मशिन थांबलं की परत त्याच झिरोला (मशिनच्या सुरुवातीच्या जागेला) येताना केसभर जरी सरकलं तरी चेहऱ्यावर आडवी रेघ. झिरो नेहमी लिहून ठेवा, मी फळीच्या कोपऱ्यात छोटं भोक पाडून ठेवतो, कटर त्यात बसलं म्हणजे जागेवर आलो.

पहिला जॉब एमडीएफवर १०० बाय १०० मध्ये काढा, प्रिव्ह्यूवर विश्वास ठेवू नका. खिडकीपाशी नेऊन एका बाजूने उजेड पडेल असा धरा, जे बिघडलंय ते लगेच दिसेल. सँडिंगला बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने, नाकाच्या शेंड्यावर आणि पापण्यांवर तर नकोच, तिथे जुना टूथब्रश. फाईल अडली तर १६ बिट पीएनजी दाखवा, स्क्रीनशॉट नको.